माणूस न पाहिलेली नजर

मूर्तीचे डोळे शेवटी का आखतात, असं मला लोक हमखास विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी आखले, तर बाकीचं सगळं काम त्याच्या देखत करावं लागेल. लोक हसतात. पूर्वी मीही हसायचे.

कल्याणला दिनूभाऊंचा गणपतीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे काय, तर पत्र्याची एक लांबलचक शेड आणि तिच्यात दाटीवाटीने बसलेले गणपती. डोंबिवलीहून रोज तिथे जाण्यात माझा जन्म गेला. माती दुसरे मळतात, साचे दुसरे भरतात, रंग मारणारे वेगळे, दागिने रंगवणारे वेगळे. सगळं झालं की मूर्ती माझ्यापुढे येते, आंधळी. माझ्याकडे फक्त डोळ्यांची आखणी. गंमत म्हणजे आमच्या घरात गणपती बसत नाही, आम्ही बौद्ध. वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे, त्यांचा हात माझ्यात उतरला आणि तो दिनूभाऊंनी हेरला. पहिल्या वर्षी कुणीतरी कुजबुजलं होतं, ‘हिच्याकडून देवाचे डोळे?’ दिनूभाऊ म्हणाले, “तू आखून दाखव, मग बोल.” त्याने आखले. तो गणपती चकणा निघाला. विषय संपला.

काम सोपं दिसतं. आधी भरलेल्या पांढऱ्यावर वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढायची. एका दमात म्हणजे खरोखरच श्वास धरून, कारण छाती हलली की हात हलतो. मग बुबुळ, मग बाहुली आणि सगळ्यात शेवटी पांढरा ठिपका. ठिपका पडला की मूर्ती बघायला लागते. तो दोन्ही डोळ्यांत एकाच जागी पडावा लागतो, तरच समोरच्याला वाटतं, हा माझ्याकडेच बघतोय. आमची सगळी कमाई त्या वाटण्यावर.

ठाण्यात खोपटच्या एका मंडळाची उंच मूर्ती होती. मी तेव्हा नवखी. मंडपातच परांचीवर चढून मी डोळे अगदी सरळ आखले. खाली उतरून पाहते तर देव भक्तांच्या डोक्यावरून समोरच्या चाळीच्या वरच्या मजल्याकडे टक लावून बसलेला. मंडळाची पोरं भडकली. पण वरच्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेल्या एक आजी होत्या. त्यांनी खिडकीतून निरोप पाठवला, की या वर्षी बाप्पा माझ्याकडे बघतोय, हात लावाल तर याद राखा. हात लावला नाही कुणी.

नौपाड्यातले एक गृहस्थ घरी नेलेली मूर्ती परत घेऊन आले. “बाई, हा रागावलाय.” मूर्ती मुळीच रागावलेली नव्हती. गृहस्थ नुकतेच भावाशी भांडून वेगळे झाले होते, हे दिनूभाऊंनी मला मागाहून सांगितलं. मी वरची पापणी केसभर खाली घेतली. गृहस्थ म्हणाले, “आता बरा आहे,” आणि डोळे पुसत गेले. माणसाला कुणीतरी आपल्याकडे बघणारं लागतं, मग तो शाडूचा का असेना.

अधूनमधून विहारांसाठी बुद्धमूर्तीही यायच्या. त्यांचे डोळे अर्धे मिटलेले, आत वळलेले. म्हणजे मला दोन नजरा येत होत्या. एक माणसाकडे बघणारी, एक स्वतःकडे बघणारी. याच्यापलीकडे तिसरी नजर असते, हे मला लेले सरांनी सांगितलं. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

गणपतीचा हंगाम सोडला, तर आमच्या कारखान्यात फायबरचं काम चालायचं. बागांमधले जिराफ, घसरगुंडीचे हत्ती, कचऱ्याच्या डब्यांचे आ वासलेले ससे. त्या सशांनाही मी डोळे आखले आहेत. लोक त्यांच्या तोंडात वेफर्सची पाकिटं कोंबतात आणि ते लोकांकडे प्रेमाने बघत राहतात.

लेले सर प्राणी घेऊन आले ते याच कामासाठी. प्राणी सगळे त्यांच्या डोक्यात. नौपाड्यात राहणारे, निवृत्त झालेले विज्ञानाचे मास्तर. पत्नी वारलेल्या, मूलबाळ नाही. जन्मभर वर्गात एकच गोष्ट रंगवून सांगत आलेले. आपल्या पायाखालचा काळा दगड म्हणजे थिजलेली आग. इथे जमिनीला भेगा पडल्या, लाव्हा वाहिला, थरावर थर चढले, त्यांचेच हे आपले डोंगर. त्याच सुमाराला पृथ्वीवरचे ते अजस्र प्राणी संपले. कुणी म्हणतं या आगीने, कुणी म्हणतं आभाळातून पडलेल्या दगडाने. “समजा, दोन्ही झालं नसतं,” सर विचारायचे, “तर आज ठाण्यात कोण राहत असतं?” मुलं एका सुरात ओरडायची, डायनासोर. सर म्हणायचे, चूक. एवढ्या काळात ते तरी तसेच कसे राहतील?

मग ते कसे झाले असते, हा सरांचा ध्यास. लाव्हा नाही म्हणजे डोंगरही नाहीत. सपाट, दमट रान आणि खाडी. तिथे चिखलपाय. लांब मानेच्या त्या अजस्रांचाच वंशज, पण पिढ्यान्‌पिढ्या लहान होत म्हशीएवढा झालेला. चिखलात रुतू नये म्हणून परातीसारखे पसरट पाय. खाणं खाडीकाठच्या तिवरांचा पाला. त्याची शिकार करणारा सावट्या, दोन पायांवर चालणारा, अंगभर पिसं आणि पिसांवर झाडांच्या सावलीचे पट्टे. आणि एका मुळाच्या बेचक्यात मुठीएवढा, उंदरासारखा प्राणी.

“याचं नाव काय, सर?”

“हे आपण,” सर म्हणाले. “ते गेले म्हणून आपल्याला जागा मिळाली, सुमनताई. ते राहिले असते तर आपण अजून त्या बेचक्यातच असतो.”

हे सगळं करून घेणारा बिल्डर सरांचाच जुना विद्यार्थी. वर्तकनगरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी त्याचे टॉवर उभे राहत होते. हल्ली प्रत्येक कॉम्प्लेक्सला थीम लागते. कुणाचं इटली असतं, कुणाचं बाली. याला शाळेतले सर आठवले. सगळी बाग त्याने सरांच्या प्राण्यांना देऊन टाकली. सर आमच्या शेडमध्ये लाकडी स्टुलावर बसून म्हणाले, “मला कुणासाठी काही ठेवून जायचं नाही. हे प्राणी एकदा उभे राहिलेले बघायचेत. माझ्यामागे ते उभे असतील एवढं कळलं, की झालं.” मी मनात म्हटलं, या म्हाताऱ्याचं एवढं तरी व्हावं.

फायबरचं काम करताना आधी मातीत अख्खा प्राणी घडवतात. त्याच्यावर प्लास्टर चढवून साचा घेतात, आणि साचा सोडवताना मातीचा प्राणी मोडतो. मग साच्यात रेझिन आणि काचेच्या धाग्यांचे थर देतात. ते सुकले की पोकळ प्राणी बाहेर येतो. सरांना हे ठाऊक नव्हतं. मातीचा पहिला चिखलपाय मोडताना त्यांनी पाहिला आणि ते उठून बाहेर गेले. परत येऊन म्हणाले, “म्हणजे एकदा मेल्याशिवाय यातून कुणी जन्माला येत नाही.” दिनूभाऊ म्हणाले, “सर, असं नका बोलू. कामावर माणसं आहेत.”

खोपटहून एसटी पकडून सर वरचेवर यायचे. प्राणी तयार झाले, रंगले आणि माझ्यापुढे आले. मी पहिल्या चिखलपायाला डोळे आखले, मन लावून आखले. सर बघत राहिले.

“छान आहेत. पण हा आपल्याकडे बघतोय.”

“मग कुठे बघायला पाहिजे?”

“याच्या जगात माणूस झालाच नाही. याने माणूस कधी पाहिलाच नाही. मग त्याला माणसाकडे बघता कसं येईल? घाबरूनही नाही आणि मायेनेही नाही.”

मी पुसले, पुन्हा आखले. बघतोय. पुसले, आखले. बघतोय. डोळे बाजूला वळवले, तर तो चोरून बघायला लागला. बाहुली बारीक केली, तर रागाने बघायला लागला. तेव्हा मला कळलं, की इतकी वर्षं मी डोळे आखत नव्हतेच, माणसाकडे बघणं आखत होते. तेवढं एकच येतं आपल्याला, या विचाराने मला रडू फुटलं. दिनूभाऊ म्हणाले, “अगं, प्राणी आहेत ते. सशाचे टाक आणि मोकळी हो.”

मी बाजारातल्या बकऱ्यांचे डोळे बघत हिंडले. त्यांना माणूस पुरता ठाऊक. कावळ्यांना तर आपली कुंडलीच पाठ. खाडीच्या कडेला चिखलात उड्या मारणारे निवटे मासे बघत बसले. ते बाहेर येतात, टकमक बघतात आणि मला पाहिलं की बिळात गडप. म्हणजे त्यांनाही कुणीतरी सांगून ठेवलेलं.

ती नजर मला शेवटी नौपाड्यातल्या एका प्रसूतिगृहात दिसली. भाचीला मुलगी झाली होती. बाळाने नुकतेच डोळे उघडले होते. मी वाकले. तिची नजर माझ्या चेहऱ्यावरून सरकली, जशी भिंतीवरून सरकावी तशी, आणि पुढे गेली. भाची म्हणाली, “मावशी, बघ ना, तुझ्याकडे बघतेय!” मी म्हटलं, नाही गं, अजून नाही. घरची माणसं माझ्याकडे विचित्र बघायला लागली. मी मात्र तशीच रिक्षात बसून स्टेशन गाठलं आणि कारखान्यात आले.

चिखलपायाचं एक पिल्लू होतं, आईच्या मागे उभं राहायचं. मी त्याला आधी घेतलं. बुबुळं किंचित बाहेर, ठिपका अगदी लहान आणि वरच्या पापणीला चिकटलेला. श्वास सोडला आणि मागे सरकले. पिल्लू बघत होतं, आणि मी तिथे नव्हते. सर आले, स्टूल पिल्लापुढे ओढून बसले. मग म्हणाले, “हेच.” आयुष्यात मी आखलेल्या डोळ्यांत तेवढेच डोळे माझे. बाकी सगळे ज्यांनी बघावं त्यांचे होते. मग मी एकेक करत बाकीच्यांनाही तीच नजर दिली.

बाग उघडली. सर नवा सदरा घालून आले होते. बिल्डरने त्यांच्या पाया पडून फीत कापायला लावली. सर प्राण्यांमधून एकटेच फिरले, प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवून. मला म्हणाले, “आता मला घाई नाही.” त्या दिवसासारखा दिवस पुन्हा आला नाही.

पुढच्याच महिन्यात मार्केटिंगचा एक तरुण साहेब कारखान्यात हजर. “मॅडम, प्राणी एकदम मस्त आहेत. पण ते कोणाकडे बघतच नाहीत हो. लोक सेल्फी काढतात, तर असं वाटतं आपण फ्रेममध्ये नाहीच. मुलं रडतात. थोडं फ्रेंडली करा ना.” त्या उंदराचं आधीच वाटोळं झालं होतं. सिक्युरिटीच्या माणसाने खरा समजून काठी घातली होती. ‘हे आपण’ सगळ्यात आधी गेलो.

मी साफ नाही म्हणाले. मग बिल्डरचा फोन सरांना गेला. शब्द आदबीचे, पण मतलब एकच: डोळे बदला, नाहीतर प्राणी हलवू. सरांनी मला घरी बोलावलं. चहा त्यांनीच केला, साखर घालायला विसरले. म्हणाले, “आखा तुम्ही. उभे तरी राहतील. फक्त पिल्लू तसंच ठेवा. ते मागे आहे, डोंगराकडे तोंड करून. त्याच्याबरोबर कोण फोटो काढतंय?”

मी सगळ्यांना गणपतीची नजर दिली. सावट्यासुद्धा दयाळू झाला. लोक खूश. चिखलपायासमोर येताजाता कुणी थांबायला लागलं. एका सकाळी मी पाहिलं, तर त्याच्या परातीसारख्या पायावर जास्वंदीचं फूल ठेवलेलं. सरांना सांगितलं तर हसले. हसणं कडू होतं. “बघा, आपल्याला ओळखणारा दिसला की आपण लगेच हात जोडतो.” त्यानंतर ते बागेत गेलेच नाहीत. गुडघे दुखतात म्हणायचे.

काही वर्षांनी बिल्डरने बागेसकट उरलेली जागा दुसऱ्या कुणाला विकली. नव्या मालकाला सर ठाऊक नव्हते, लाव्हा ठाऊक नव्हता. त्याला पार्किंग हवं होतं. मी एकदा त्याच्या ऑफिसात जाऊन बसले. प्राणी आम्हाला परत द्या म्हटलं. तिथल्या मुलीने विचारलं, “ठेवणार कुठे, आंटी?” दिनूभाऊंची शेडही तेव्हा निम्मी झाली होती, गणपतीच कसेबसे मावत होते. दोनचार शाळांना विचारलं. सगळ्यांनी कौतुक केलं आणि जागा नाही म्हणाले. सर तोवर अंथरुणाला खिळले होते. पडल्या पडल्या विचारायचे, “उभे आहेत ना?” मी म्हणायचे, “आहेत.” तेव्हा ते खरंही होतं.

मग मुकादमाचा फोन आला. तोडायचं काम त्याच्याकडे होतं, माझा नंबर त्याने दिनूभाऊंकडून मिळवला होता. “ताई, तेवढं येऊन जा. पोरं कटर लावायला तयार नाहीत. म्हणतात, देवाचे डोळे हाये, बघतोय आपल्याकडं. डोळे असलेल्यावर हत्यार कसं चालवायचं? तुम्ही उघडले, तुम्हीच बंद करा.”

आमच्या धंद्यात हे आहेच. मूर्तीत खोट निघाली आणि मोडायची वेळ आली, तर आधी डोळे पुसतात, मगच हात लावतात. मुकादमाचं काही चुकलं नव्हतं. रंगाचे डबे घेऊन मी गेले. वर्तकनगरपासून रिक्षात एकच विचार, निदान पिल्लू मागून घेईन. ते माझ्या घरात मावेल. गॅलरीत ठेवीन, कपडे वाळत घालायला जागा नाही उरली तरी चालेल. सरांना सांगेन, एक आहे.

बागेत पत्रे ठोकले होते. चिखलपाय उभा होता, त्याच्यामागे काही नव्हतं.

“छोटं कुठंय?” मी विचारलं.

“ते मागचं? ते काल काढलं ना,” मुकादम म्हणाला. “त्याचं काय वाटलं नाही पोरांना. ते कुणाकडं बघतच नव्हतं.”

पत्र्यांच्या कडेला ढीग होता. त्यात मी पिल्लाचा पाय ओळखला. डोकं शोधलं नाही. मला शोधता आलं असतं, पण शोधलं नाही. तिथेच उकिडवी बसले. एक मजूर पाण्याची बाटली घेऊन आला. “मावशी, ऊन लागलं का?” मी हो म्हटलं.

मग कामाला लागले. मुकादम म्हणत होता, नुसता रंग फासा. मी फासला नाही. प्रत्येकाची पापणी नीट खाली ओढली. कातडीचा रंग कालवून आधी वरची पापणी उतरवली, मग खाली दोन्ही मिळतात तिथे एक बारीक रेघ. बुद्धाच्या मूर्तीने शिकवलेलं तिथे कामी आलं. सावट्या झोपला. चिखलपाय शेवटचा. त्याच्या पायाशी वाळकी फुलं होती, ती मी बाजूला केली. शेवटची रेघ सुकण्याआधीच मागे कटर सुरू झाला.

तशीच नौपाड्याला गेले. सरांकडे दिवसाची बाई होती, ती उठून स्वयंपाकघरात गेली. सरांनी माझ्या हातावरचा रंग पाहिला. त्यांनी जन्मभर मुलांची तोंडं बघून उत्तरं ओळखली होती.

“मिटलेत ना सगळ्यांचे?”

“हो सर.”

“पिल्लाचे?”

“त्याचे मिटायची वेळच आली नाही.”

पंखा फिरत होता.

“मग त्याला काही कळलं नसेल,” ते म्हणाले. “त्याला माणूस माहीत कुठे होता?”

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. ‘उभे आहेत ना’ असं त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. पुढच्या हिवाळ्यात ते गेले. स्मशानात मी होते, चार शेजारी होते, बिल्डरने हार पाठवला होता.

एवढं सगळं झालं, तरी पोट थांबत नाही. त्यानंतरचा हंगाम सुरू झाला तशी मी शेडमध्ये बसले. पहिली मूर्ती पुढे आली, साधी, घरगुती, लोडाला टेकलेली. मी श्वास धरला, पापणी ओढली, बुबुळ, बाहुली, ठिपका. दिनूभाऊ जवळ आले, मूर्ती फिरवून बघायला लागले. डावीकडे उभे राहिले, उजवीकडे उभे राहिले, समोर खाली बसले.

“सुमन,” ते हळूच म्हणाले, “हा बघत नाही गं आपल्याकडे.”

मी पाहिलं. खरंच बघत नव्हता. नजर दिनूभाऊंवरून सरकत होती, माझ्यावरून सरकत होती, शेडच्या पत्र्यापार जात होती. मी पुसले आणि पुन्हा आखले. पुन्हा तेच. दुसरी मूर्ती घेतली, तिसरी घेतली. जी नजर मिळावी म्हणून मी बकऱ्या, कावळे आणि निवटे पालथे घातले होते, ती आता आपणहून येत होती. माणसाकडे बघणारी यायलाच तयार नव्हती.

मी ब्रश धुतले, कोरडे केले आणि दिनूभाऊंच्या हातात दिले. ते अजूनही दरवर्षी फोन करतात. मी सांगते, हात कापतो. हात मुळीच कापत नाही.